ढिली पिन

जुन्या वर्ड प्रोसेसर यंत्रातला माझा पीएच.डी.चा प्रबंध वायरीतून कॉम्प्युटरमध्ये उतरत होता. फ्लॉपी झिजलेली, 'मध्येच तुटलं, तर पुन्हा वाचली जाणार नाही,' असं दुरुस्तीवाल्यानं बजावलं होतं. वायरीची पिन ढिली, म्हणून मी ती बोटानं दाबून बसले होते. तेवढ्यात गल्लीत टँकर आला. बायपासच्या नव्या वसाहतीला नळ नाही आणि घरात तांब्याभरच पाणी उरलेलं. "वैदेही, लवकर ये गं, लई गर्दी झालीय," शेजारच्या आवडाबाई ओरडल्या. "जा तू. पिन मी धरते," सासूबाई म्हणाल्या. बाळ जरा कुरकुरलं तरी त्या हातातलं टाकून धावतात, म्हणून माझा जीव धास्तावला. हंडे भरून परतले, तर बाळ पाळण्यात लालबुंद होऊन रडत होतं. सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या. "रडू दिलं गं त्याला. तुझी अक्षरं अजून येत होती."