मशीन खोटं बोलत नाही

"यंत्र कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतात ती माणसं," असं आप्पांनी चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं आणि गवत कापायच्या मशीनची दोरी ओढली. दोरी अर्ध्यापर्यंत बाहेर आली आणि गोगलगायीने शिंगं आत घ्यावीत तशी परत आत गेली. मशीनने हूं की चूं केलं नाही.

वजनमापे खात्यातल्या निरीक्षकाच्या नोकरीत आप्पांचं आयुष्य तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण शोधण्यात गेलं होतं. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची : पकडलेली आणि अजून न पकडलेली. अशा माणसाच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवून त्याला इस्पितळातून घरी आणलं, आणि तेव्हापासून त्याच्या हातातली बादलीही कोणीतरी काढून घेऊ लागलं. गवत कापायला आता बाहेरचा माणूस येणार, हेही परस्पर ठरून गेलं. आप्पांचा हिशेब सरळ होता. गवत आज आपण कापलं, तर आपण बरे. परक्याने कापलं, तर आपण कायमचे आजारी.

मशीन म्हातारं होतं, पण बेइमान नव्हतं. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी ते पहिल्या हिसक्याला सुरू झालं होतं. म्हणजे संशयाला जागा होती, आणि संशयाला जागा मिळाली की आप्पा तिथे पथारी पसरत.

त्यांनी अंगणावर नजर फिरवली. बायको पायरीवर शेंगा सोलत होती आणि गप्प होती. आप्पा काही दुरुस्त करत असताना ती गप्प बसल्याचं उदाहरण उभ्या संसारात नव्हतं. जावई कामाचा दिवस टाकून 'सहज' आला होता. कुंपणापलीकडचे दातांचे डॉक्टर मघापासून एकाच कुंडीला पाणी घालत होते. कुंडी भरून वाहून आता त्यांच्या चपला भिजत होत्या.

"होत नसेल तर राहू द्या ना, आप्पा," जावई म्हणाला. "जुनं झालंय ते."

"जुनं झालं की बंद पडलंच पाहिजे का?"

जावई आकाशाकडे पाहू लागला.

आप्पांनी टाकीचं झाकण फिरवलं. आत पेट्रोलचा थेंब नव्हता. नुसतं काढून घेतलेलं नव्हतं. टाकी आतून फडक्याने कोरडी पुसलेली होती. रिकामी बाटलीसुद्धा धुऊन, पुसून मग फेकणारी व्यक्ती त्या घरात एकच होती.

"मला बाई त्यातलं काही कळत नाही," बायको म्हणाली.

"मी विचारलंच कुठे?"

शेंगा थांबल्या. "माळ्यावर डब्यात आहे," ती म्हणाली. "झाकण घट्ट लावलंय."

जावयाने डबा काढून आणला. टाकी भरता भरता आप्पांची नजर प्लगवर गेली. प्लगची वायर काढून तिच्या तोंडाला काळी टेप गुंडाळली होती, आणि टेपचं टोक नीट दुमडून ठेवलं होतं. टोक दुमडलं की पुढच्या वेळी नखाने उकरावं लागत नाही. हा शहाणपणा त्या घरात जावयाबरोबर आला होता.

"मी सांगणारच होतो," जावई म्हणाला.

"कधी? गवत छपराला लागल्यावर?"

वायर जागेवर बसली. तरी आप्पा दोरीकडे वळले नाहीत. जिथे दोन सापडतात तिथे तिसरा दडलेला असतो, हा त्यांचा नोकरीतला अनुभव. ते गुडघ्यावर बसले, सायलेन्सरच्या भोकात चिमटा घातला आणि कापसाचा एक गोळा बाहेर ओढला. मग आणखी एक. करंगळीएवढे, एकसारखे, घट्ट वळलेले. असे गोळे आप्पांनी आजवर एकाच ठिकाणी पाहिले होते. स्वतःच्या गालात.

कुंपणापलीकडे पाण्याचा आवाज बंद झाला.

"वहिनींनी सांगितलं नव्हतं हं," डॉक्टर म्हणाले. "मी आपला माझ्या मनानेच."

जावयाने सासूकडे पाहिलं. "म्हणजे टाकी आधीच रिकामी होती? मग मी वायर कशाला काढत बसलो?"

"मला विचारायचंत," सासू म्हणाली. "मी इकडे फडक्याला वास राहिला म्हणून जीव मुठीत धरून बसलेय."

"एकमेकांना विचारलं असतं," डॉक्टर म्हणाले, "तर माझा कापूस तरी वाचला असता."

तिघं एकमेकांकडे अशा नजरेने पाहू लागले की, त्या अंगणात आता आप्पा एकटेच संशयी राहिले नव्हते.

आप्पा उठले. एकाच छाप्यात तीन गुन्हेगार त्यांना अख्ख्या नोकरीत सापडले नव्हते. "मशीन निर्दोष आहे," त्यांनी निकाल दिला. "बाजूला व्हा."

"अहो, हळू," बायको म्हणाली. शेंगांचं ताट तिने खाली ठेवलं होतं.

आप्पांनी मशीनवर पाय रोवला, मूठ पकडली आणि ओढली. दोरी अर्ध्यापर्यंत बाहेर आली आणि परत आत गेली. त्यांनी पुन्हा ओढली. अर्ध्यापर्यंत.

डॉक्टरांनी रिकामी झारी उगाच कुंडीवर धरली.

आप्पांनी टाकी पाहिली. वायर पाहिली. सायलेन्सरमध्ये बोट घालून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे होतं. मग तपासायचा राहिलेला एकमेव भाग, म्हणजे दोरी ओढणारा, रुमालाने मानेवरचा घाम पुसत पायरीवर, बायकोशेजारी, जाऊन बसला. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. ताट तेवढं सरकवून जागा केली.

आप्पांनी मशीनकडे एकदा पाहिलं. मग घसा खाकरून, साक्षीदाराला बोलवावं तसं, म्हणाले,

"जावईबापू, जरा एवढी दोरी ओढून देता का? मशीन मी धरतो."