कोपऱ्याचा प्लॉट

"एक तरी जिवंत माणूस," कंडक्टर बोट नाचवत म्हणाला, "महिनाभरात एक जरी जिवंत माणूस तुझ्या त्या हवेतल्या प्लॉटवर फिरकला ना, तर इथंच फाटकाशी, सगळ्यांदेखत, ही मिशी अर्धी उतरवीन."

"आणि नाही फिरकला तर?" मोजणीदाराने विचारलं.

"तर तुझी!"

तिसऱ्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंनी गळ्यातली टेप सावरली. "मी साक्षीदार. अर्धी म्हणजे अर्धी. मापात."

टाळी पडली. दोघेही पासष्टी ओलांडलेले, दोघांच्याही बायका गेलेल्या. मिशी सोडली तर दोघांकडेही मिरवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

मोजणीदाराने नोकरीभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. साखळी टाकली, खुणा रोवल्या, भावाभावांची भांडणं मिटवली. स्वतःची म्हणावी अशी वीतभर जागा नव्हती. मग बसवर, भिंतीवर, फोनवर, जिकडे बघावं तिकडे एकच जाहिरात झळकायला लागली. संगणकातलं नवं नगर! चष्मा लावा आणि आत शिरा. रोज लाखोंची वर्दळ. आज प्लॉट घ्या, उद्या दामदुप्पट. एक नटही त्यात चष्मा लावून नाचत होता. मोजणीदाराने निवृत्तीच्या पैशातले निम्मे ओतले.

तेही कसे, तर जन्माच्या सवयीने. कोपऱ्याचा प्लॉट, दोन बाजूंनी रस्ता, पूर्वेला तोंड, पाण्याचा निचरा चांगला. त्यासाठी जादा पैसे मोजले. आत गेल्यावर कळलं की तिथला सूर्य कायम डोक्यावर असतो आणि पाऊस पडतच नाही.

ही गोष्ट तो चुकून कंडक्टरजवळ बोलला, आणि कंडक्टरने ती तिकीट न फाडता चारही मजले फिरवून आणली.

कंडक्टर रोज संध्याकाळी फाटकाचा गज धरून उभा असायचा. शेजारचा बाक रिकामा असला तरी. येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उडवल्याशिवाय त्याचा दिवस मावळत नसे.

"मला साधा फोन धड लावता येत नाही," तो म्हणायचा, "म्हणून वाचलो!"

मोजणीदार मात्र रोज दुपारी तो जाडजूड चष्मा चढवून आपल्या प्लॉटवर जायचा. तिथे त्याने एक बाक ठेवला होता आणि दिव्याचा एक खांब. रस्त्यावरून झकपक कपड्यांची, हसऱ्या चेहऱ्यांची माणसं जायची. "या की!" तो लिहायचा. वळूनसुद्धा कोणी बघायचं नाही.

दहाव्या दिवशी कंडक्टर जिन्यात भेटला. काखेत खोकं.

"मिक्सर," तो म्हणाला. "जुना गेला. काय, आलं का कोणी?"

"नाही अजून."

कंडक्टरने त्याच्याकडे जरा बघितलं. "मिशीला तेल लाव. शेवटचं!" म्हणाला आणि वर गेला.

दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमाराला, एकजण प्लॉटवर वळला. करडा, बिनचेहऱ्याचा. नव्या माणसाला कंपनी फुकट देते तो पुतळा. तो खांबाला धडकला, मागे गेला, पुन्हा धडकला, आणि शेवटी खांबालाच धरून उभा राहिला.

"बसा ना," मोजणीदाराने घाईघाईने लिहिलं.

मग एकेक अक्षर उमटलं.

"उभाच बरा."

पैज जिंकली होती! पण हा हुकमाचा पत्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशीच टाकायचा, फाटकाशी, सगळ्यांसमोर. मोजणीदाराने कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही.

करड्या रोज चारला यायचा. तो बोलायचा कमी, मोजणीदारच जास्त. एकदा तर लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं ते तो लिहून गेला. "बायकोला कोपऱ्यावरचं घर हवं होतं. दारात बाक. म्हणायची, येणारेजाणारे दिसले की एकटं वाटत नाही. राहून गेलं."

मग सावकाश अक्षरं आली.

"बाक चांगला आहे."

मोजणीदाराने चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा चढवला. करड्या तिथेच होता.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, बातम्या बघितल्या? त्या नगरात माणसंच नाहीत! गर्दी दिसावी म्हणून कंपनीने यंत्राच्या बाहुल्या सोडल्या होत्या. भाव पार कोसळलेत. विकून टाका."

"आता कोण घेणार?"

"म्हणजे पैसे गेले?"

"गेले." तो थांबला. "सगळ्याच बाहुल्या? एखादा तरी माणूस..."

"कोण असणार, बाबा? तुमच्याकडे आलं होतं का कोणी?"

"नाही," तो म्हणाला.

पैशाचं लागलं, नाही असं नाही. पण आत टोचत होतं ते वेगळंच. तरीच! चेहरा नाही. घड्याळ लावल्यासारखा चारला हजर. तास तास उभा, एकदाही टेकला नाही. यंत्राचे पाय कुठे दुखतात!

त्या दिवशी चारला त्याने चष्मा चढवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसाव्या दिवशी संध्याकाळी वस्तरा, साबण आणि हातआरसा घेऊन तो खाली उतरला. हरलो तर हरलो, रडायचं नाही. जिन्यातच त्याला हशा ऐकू आला.

फाटकाशी अख्खी इमारत लोटली होती. मधोमध कंडक्टर, गज धरून. त्याची डावी मिशी साफ. काकू टेप लावून उजवी तपासत होत्या.

"हसा, हसा!" कंडक्टर ओरडत होता. "आज तिकीट नाही!"

"अरे, हे काय?" मोजणीदाराने वस्तरा-आरसा बाकावर ठेवला. "कोणी आलं होतं म्हणून तुला कोण बोललं? मी तर कुणालाच..."

तो बाकावर बसला. कंडक्टरकडे बघत राहिला, मग हळूच बाजूला सरकला.

"बस ना."

कंडक्टरने गज आणखी घट्ट धरला. उरलेली अर्धी मिशी थरथरली.

"उभाच बरा."