वावराचं नाव

बाकावर सात माणसं होती. मोबाइलही सात, पाच बटणांचे, दोन टचचे. सातही मांडीवर पालथे.

रेवतीने काउंटरमागून पुन्हा मोजून पाहिले. उंद्रीच्या बाजारातली तिची ही रक्त तपासायची छोटी लॅब, आईच्या नावाची : सुलभा लॅब. एरवी रिपोर्ट न्यायला आलेली माणसं पिकापाण्याच्या गप्पा हाकत बसायची. आज कुणी तोंड उघडत नव्हतं. एकमेकांकडे बघतही नव्हतं.

दार लोटून झुंबरबाई आत आल्या. मागून त्यांचा मुलगा गोकुळ. त्याने आपला मोबाइल काउंटरवर ठेवला.

"कालपासून पोटात अन्नाचा कण नाही मायच्या. तुमचा मेसेज पाह्यला न् ताटच दूर सारलं तिनं."

रेवतीने वाचलं. 'सुलभा लॅब. तुमची साखर ४१२. किडनीला धोका. कुणाला न सांगता आजच औषध मागवा.' खाली लिंक.

"हा मेसेज माझा नाही, गोकुळदादा."

"नाव तं तुमचंच हाये."

"नाव माझं, मेसेज चोराचा. लिंक दाबली का?"

"दाबणारच होतो. माय म्हणे, आधी तोंडावर विचारू."

रेवतीची नजर बाकाकडे गेली. मग ती काउंटरमागून बाहेर आली. पोलिसांत तक्रार द्यायची ती दुपारी देता आली असती. पण लिंक दाबायला एक बोट पुरतं, आणि ती बोटं आत्ता तिच्या समोर होती.

"तुम्हालाही आलाय ना मेसेज? त्यातला साखरेचा आकडा वाचा. मोठ्याने."

फोन पालथेच राहिले. दुखणं चारचौघांत सांगायचं नसतं, ही इथली रीत. 'कुणाला न सांगता' हे म्हणूनच सगळ्यांना पटलेलं.

शेवटी जनकाबाईंनी आपला फोन गोकुळपुढे धरला. "मले कुठं वाचता येते? पाह्य बापा, काय लिवलं त्यात."

"चारशे बारा."

"माही बी चारशे बारा!" कोपऱ्यातले उकंडराव उठूनच उभे राहिले.

मग पालथे फोन एकेक करून उलटले. आठही फोनांवर तोच आकडा.

"दोघांची साखर लागोपाठ सारखी आली तरी मी आधी मशीन तपासते," रेवती म्हणाली. "ही तर आठ जणांची आहे."

"आन् उकंडराव तं चहात साखर बी टाकत नाही," जनकाबाई म्हणाल्या. "लेकीच्या घरी बासुंदी वरपते, थे अलग."

"तू गप राह्य वं!"

बाक हसला. झुंबरबाई हसल्या नाहीत.

"मंग माही खरी साखर किती, बाई? आता तू कागद देशील. कागद बी तुह्याच नावाचा, मेसेज बी तुह्याच नावाचा. म्या कोणता खरा मानू?"

रेवतीने दाराकडे पाहिलं. काचेवरची आईच्या नावाची अक्षरं आतून उलटी दिसत होती. प्रश्न बरोबर होता. चोराकडे माणसांची नावं होती, नंबर होते, लॅबचं नाव होतं. काय नव्हतं?

"मावशी, तुमच्या वावराला काय म्हणता?"

"कोणत्या? नाल्याकडच्या का..."

"बोरीचं वावर," उकंडराव मधेच म्हणाले. "साऱ्या गावाले ठाऊक हाये."

"मग ते नको. फक्त घरातच म्हणता असं एखादं नाव सांगा. माझ्या कानात. काका, तुम्ही कान झाका."

उकंडरावांनी खरंच कान झाकले. झुंबरबाई रेवतीच्या कानाशी लागल्या. रेवतीला हसू फुटलं. तिने ते कुठे लिहिलं नाही. आत जाऊन थेट कॉम्प्युटरवर घातलं आणि स्क्रीन बंद करून बाहेर आली.

"आजपासून माझ्या मेसेजात पहिलं हे नाव येईल. ते नसेल तर मेसेज माझा नाही, मग वर लॅबचं नाव असो की माझं. आणि लिंक मी कधीच पाठवणार नाही."

"आन् ज्याले वावर नाही त्यानं?" जनकाबाईंनी विचारलं.

"बकरी आहे?"

"तीन हायेत."

"त्यातली सगळ्यात खोडकर कोणती?"

जनकाबाई गुडघ्यावर हात देत उठल्या आणि कानात सांगायला आल्या. त्यांच्यामागे रांग लागली.

आधी रेवतीने झुंबरबाईंचं रक्त घेतलं. सगळ्यांसमोर, नवी सुई फोडून. नळी घेऊन ती आत मशीनकडे गेली. रांग तशीच उभी राहिली. कुणी घरी गेलं नाही.

गोकुळचा फोन वाजला.

"'सुलभा लॅब,'" त्याने वाचलं. "'शेवटची सूचना. आजच औषध...'"

"पहिलं नाव कोणतं हाये?" झुंबरबाईंनी विचारलं.

"लॅबचं."

"मंग तो आपला नव्हं. पूस त्याले."

"पुसू नका," आतून रेवतीचा आवाज आला. "तक्रारीला लागेल. फक्त दाबू नका."

गोकुळने फोन काउंटरवर ठेवला आणि हात मागे बांधले. मशीन घरघरत होतं. मग ते थांबलं. आत कीबोर्डच्या कळा वाजल्या.

फोन पुन्हा वाजला. या वेळी झुंबरबाईंनीच तो उचलून लेकापुढे धरला.

गोकुळने मायच्या कानाशी वाचलं, "'सासूचा पदर. उपाशीपोटी साखर १०४.'"