सगळे मिळून

पुनमने पहिला घास तोंडाशी नेला आणि फ्रिजवर ठेवलेला फोन थरथरायला लागला.

"नाई," खुशबू म्हणाली. सात वर्षांची होती. "सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठाचं नाई. तूच म्हटलं होतं."

पुनम वनरक्षक होती. गेल्या रविवारी तिनेच नवऱ्याला, कुलदीपला, बल्लारपूरहून जेवणाचं टेबल आणायला लावलं होतं. दिवे लागले की चौघांनी इथेच जेवायचं, असं ठरलं. पण दुसऱ्याच दिवशी एका शिवारात वाघाने गोऱ्हा मारला, आणि मग रोज काही ना काही. आज पहिल्यांदा चारही खुर्च्या भरल्या होत्या. कुलदीपने वरण-भात आणि वांग्याची भाजी केली होती. धाकटा विक्की पाय हलवत भाताचे गोळे वळत होता.

फोन थांबला. पुनमने घास चावला, पण चव कळली नाही. फोन पुन्हा थरथरला.

"जेव ना," कुलदीप हळूच म्हणाला. "आज दुसरा कोणी जाईन."

"दुसरा आहे कोण?"

तिने डाव्या हाताने फोन उचलला. पलीकडे टोल्यावरचा, रानाकडेच्या छोट्या वस्तीवरचा, मुखरू होता. वाघाची खबर नेहमी तोच द्यायचा.

"मॅडम, माह्या शेजारची सोमारी बकऱ्या आणाले गेली थे आलीच नाई. बकऱ्या एकल्याच घरी आल्या. लोकं काठ्या घेऊन वावराकडं निघून राह्यले."

"कोणालेच जाऊ देऊ नको. मी येतो."

हात धुताना तिने मागे वळून पाहिलं. विक्की तिच्या खुर्चीवर चढून बसला होता. खुशबू ताटाकडेच बघत होती.

टोल्यावर पोचल्यावर पुनमने माणसांना एकत्र केलं. बॅटऱ्या लावल्या, थाळ्या वाजवत सगळे एका घोळक्याने बांधावरून निघाले. दोन्ही बाजूंना कमरेएवढा धान उभा होता. धान जरा हलला की घोळका थांबायचा. एका बांदीच्या, धानाच्या खाचराच्या, चिखलात वाघाचा पंजा उमटला होता. त्यात अजून पाणी झिरपत होतं.

"सोमारीऽऽ!" मुखरूने हाक दिली.

थाळ्या थांबल्या. मग पुढच्या वावरातल्या मचाणावरून बारीक आवाज आला, "इथी आहो."

सोमारीने शिडी वर ओढून घेतली होती. वाघ खालीच बसून होता म्हणाली, थाळ्या वाजल्या तेव्हा उठून गेला. मचाणाच्या खांबाला घट्ट धरलेली तिची बोटं पुनमला एकेक करून सोडवावी लागली.

सोमारीच्या घरी तिची दोन लेकरं शेजारणीजवळ बसली होती. आई दिसली तरी लहानगा दाराकडेच बघत राहिला. वाघ अजून शिवारातच होता. वनखात्याच्या पथकाची गाडी येईपर्यंत पुनमला हलता येणार नव्हतं. सोमारी भात वाढायला बसली, पण दर चमच्याला थांबून दाराबाहेर बघत होती.

"आणा इकडं," पुनम म्हणाली.

"तुमी दाराशी बसा मॅडम. तुमी बसले का लेकरं जेवते."

पुनम दार लावून त्याला पाठ टेकून बसली आणि ताट पुढ्यात घेतलं. लहानगा जवळ सरकला, त्याने आ केला. एक घास, मग दुसरा. मोठी पोरगीही ताटात हात घालून जेवायला लागली. भूक पुनमलाही लागली होती. तिसरा घास तिने स्वतःच्या तोंडात टाकला.

फोन थरथरला. व्हिडिओ कॉल होता, खुशबूचा. पुनमने डाव्या हातात फोन धरला.

"बोल बाई."

खुशबूने फोन डोळ्यांजवळ नेला.

"आई, थो कोण आहे?"

"सोमारीचा लहाना."

"त्याची आई नाई भेटली?"

"भेटली ना. हे काय, इथीच बसली आहे."

"मग त्याले तू काऊन चारून राह्यली?"

पुनमचा घास धरलेला हात अधांतरी थांबला. लहानग्याने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या तोंडाकडे ओढलं.