मागच्या दाराने गेलेले अकरा

"दुसरा बूट!" बुटमास्तर खेकसला.

रांगेतल्या म्हाताऱ्याने कुरकुरत दुसराही बूट काढून टेबलावर ठेवला. "अहो, दोन ग्रह पालथे घातले, पण इतका छळ कुठे झाला नाही."

"तिथे झोपवेल मोकाट आहे, आजोबा. ती इथे येऊ नये म्हणून हा छळ."

यानतळावरून शहरात जाणाऱ्या प्रत्येकाचे बूट त्याच्या टेबलावरून जायचे. झोपवेलीचं बी धुळीच्या कणाएवढं. बुटाच्या तळाच्या खाचेत बसून येतं, घरातल्या ओलसर कोपऱ्यात रुजतं. फुललं की त्या वासाने माणूस झोपतो तो उठतच नाही. कार्यालयाने बुटांवर वाफ मारणारं यंत्र दिलं होतं. ते खोक्यातच पडून होतं. यंत्राला काय कळतंय, कपाळ! बारा वर्षं हातात असलेल्या राठ केसांच्या ब्रशने तो खाच न् खाच कोरून काढायचा, ब्रश टेबलाच्या कडेवर दोनदा आपटायचा आणि पुढचा बूट ओढायचा.

एवढं करूनही गेल्या महिन्यात त्याची धाकटी बहीण झोपेतच गेली. पलंगामागून वेल छतापर्यंत चढली होती.

तेव्हापासून त्याचं डोकं तापलेलंच होतं. बहीण ज्या यानातून परतली, त्यातले अकरा जण वरच्या ओळखीने मागच्या दारातून सटकले होते. बाहेर शहराच्या बसमध्ये तिच्या शेजारी त्यांच्यापैकीच कुणीतरी बसलं असणार. त्याने अकराही नावं लिहून चौकशी अधिकारी बाईंना दिली होती. त्या जेवणाच्या सुट्टीत आल्या, तेव्हा तो डबा न उघडताच बसला होता.

"सापडला का तो हरामखोर?" त्याने विचारलं.

"बसा. आधी एक सांगा. बहिणीचे बूट कुणी तपासले होते?"

"मीच! सख्खी बहीण म्हणून सूट दिली नाही. रांगेत शेवटी उभी होती. 'दादा, आता भोक पाडशील,' म्हणून हसत होती. तिचे तर मी दुप्पट वेळ घासले." त्याने बंद डबा बाजूला ढकलला. "आम्ही इथे हाडाची काडं करायची आणि या बड्या धेंडांनी मागच्या दाराने जायचं! माझी बहीण खाल्ली त्यांनी. मला फक्त नाव सांगा, बाई. एकालाही सोडणार नाही मी."

बाईंनी पिशवीतून कागद काढला, पण त्याच्या हातात दिला नाही.

"त्या यानात एकोणसाठ प्रवासी होते. आम्ही सगळ्यांच्या घरी माणसं पाठवली. फरशासुद्धा उखडल्या."

"मग? अकरांपैकी कुणाकडे निघाली?"

बाई त्याच्याकडे न बघता टेबलावरच्या ब्रशकडे बघत होत्या.

"त्या अकरांच्या घरांत एक कोंबही नाही," त्या म्हणाल्या. "उरलेल्या अठ्ठेचाळीसही घरांत वेल निघाली."