सोंडेची दोरी

सुनंदा ओरडली नाही. झुंबरबाईचा सगळा राग एवढ्याच गोष्टीचा होता.

दोन खेपा झाल्या. एक पाचव्या महिन्यात, एक सहाव्याच्या तोंडावर. दोन्ही वेळा कळ नाही, कण्हणं नाही, कोणाला हाक नाही. सून परसात जाते म्हणून गेली आणि रिकामी होऊन आली. झुंबरबाईची स्वतःची सहा बाळंतपणं झाली होती. दर वेळी गल्ली जागी केली होती तिने, आणि त्याचा तिला तोरा होता. कळांशिवाय पोर येत नाही. आलं, तर बाईनेच काहीतरी पाला खाऊन ते टाकलेलं असतं. हे तिने विहिरीवर चारचौघींत सांगितलं होतं, आणि सून चुलीशी बसलेली असताना तिच्या पाठीला ऐकवलं होतं.

तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिने मुलाला, पितांबरला, समोर बसवलं. हेही गेलं तर गाडी जुपायची. सुनंदाला शिंदखेड्याला बापाच्या दारात उतरवायची आणि मागे न बघता यायचं. पितांबर पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला.

"तू म्हणशील तसं, माय," म्हणाला.

आणि या खेपेला पहारा तिने स्वतः धरला. पारोळ्याचा बाजार चार आठवडे बुडवला. कळण्याची भाकर आपल्या हाताने मोडून सुनेच्या पुढ्यात ठेवायची. सून परसाकडेला गेली तरी ही चार पावलांवर उभी. विहिरीवर जायचं तर तिला एकटी घरी कशी ठेवायची? मग तिलाही बरोबर घ्यायची, आणि बरोबर आलीच आहे तर डोक्यावर हंडा. कापूस वेचायला जायचं तर पोटावरून ओटी बांधून तीही. घरी असली की ओट्यावर उकिडवी, पुढ्यात बोंडांचा ढीग. समोर झुंबरबाई. नजर हलत नव्हती.

सहावा संपत आला तेव्हा सुनंदाने एकदाच तोंड उघडलं.

"आत्याबाई, खाली जड जड वाटतंय. दुखत नही. पण ओझं उतरल्यासारखं. घटकाभर आत आडवी होऊ?"

"आत अंधारात काय गिळायचं शे?" झुंबरबाई म्हणाली. "बसल्या जागी जड होतंय महाराणीला! दोन खाल्लीस. आता इथंच बस, उजेडात."

सुनंदा बसली.

चौथ्या दिवशी ऊन ओट्यावरून उतरत होतं. सुनंदाचे हात बोंडात थांबले. ती ओरडली नाही. तिने फक्त खाली पाहिलं. लुगडं भिजलं होतं, आणि पाणी शेणाच्या सारवणावरून वाहत झुंबरबाईच्या पायाला लागलं. झुंबरबाई सकाळपासून त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होती. आताही बघत होती. त्या तोंडावर कळ नव्हती. भीती होती.

तिला आत नेऊन निजवली. मंजुळाबाई सुईण धावत आली तोवर पोर निम्मं बाहेर होतं. ओंजळीत मावेल एवढा मुलगा. चार-पाच वेळा त्याने श्वास घेतला. मग नाही घेतला.

"हिनं काही खाल्लं नही," झुंबरबाई एकदम म्हणाली. कोणी तिला विचारलं नव्हतं. "बठ्ठं खाणं माझ्या हातचं. मी डोळ्यात तेल घालून बसली होती. मग कळ का नही आली गं, मंजुळा?"

मंजुळाबाई हात धूत होती.

"अक्का, मानमोडीच्या साथीत तुझे मालक गेले. तेव्हापासून मळ्यात मोट तूच हाकलीस. भरली मोट वर येताना पाणी कशानं थांबतं?"

"मोटेची कातडी सोंड वर धरलेली असते. दोरीनं."

"आणि ती दोरी ढिली असली तर?"

वीस वर्षं झुंबरबाईने बैल हाकले होते. सोंडेची दोरी ढिली असली की मोट फाटत नाही, काही वाजत नाही. भार आला की सोंड आपली खाली येते आणि पाणी विहिरीतल्या विहिरीत जातं. वर येतं ते नुसतं कातडं.

"हिच्या पिशवीचं तोंड तसं शे," मंजुळाबाई म्हणाली. "पोराचं वजन आलं की उघडतं. कळ यायचं कामच पडत नही. अशीला पाचव्यापासून आडवं टाकायचं, खाटेच्या पायथ्याला विटा लावून. माझ्या हातच्या दोघींची पोरं तशी तगली. एकीचं नही तगलं. हिचं तगलं असतं का, मला नही सांगता येणार. पण ओझं द्यायचं नव्हतं, अक्का. आणि उकिडवं तर नहीच."

तिने पोराला फडक्यात गुंडाळलं. फडकं फार मोठं झालं.

दारात पितांबर उभा होता. आत यायला तो धजत नव्हता. त्याने ते गाठोडं पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि ठरलं होतं तेच विचारलं.

"माय, गाडी जुपू?"

ते ऐकून सुनंदा हाताचा टेकू घेऊन उठायला लागली. न सांगता, न रडता. पदर सावरला, भिंत धरली.

झुंबरबाईने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून तिला पुन्हा निजवली. आयुष्यात तिने कोणाची माफी मागितली नव्हती. ती कशी मागतात हे तिला माहीत नव्हतं. न्याय करणं तेवढं माहीत होतं. दारातल्या पितांबरला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात ती म्हणाली,

"सुनंदा, तुझी दोन गेली. हे तिसरं मी टाकलं."