यादीतली सतरावी ओळ

पुण्याच्या बिअर महोत्सवाची छापील यादी सायलीनं लॅपटॉपशेजारी उघडून ठेवली. अशा जुन्या-नव्या याद्या ती सहा वर्षं एका ऑनलाइन संग्रहात भरत होती. यंदा पहिल्यांदाच एक ओळ तिची स्वतःची होती.

१७. काकवी. गडद बिअर, अस्सल कोल्हापुरी गूळ. बनवणारी : सायली हौसराव दोरगे, भांडगाव (जि. पुणे).

घरी मात्र एवढंच ठाऊक होतं, की पोरगी फूड कंपनीत आहे.

गुऱ्हाळावरून आलेले आप्पा चष्मा लावून मागं कधी उभे राहिले, ते तिला कळलंच नाही.

"ही सायली म्हंजी तूच का?"

"व्हय, आप्पा."

"म्हंजी दिवाळीला आपल्या दोन ढेपा नेल्यास, त्या मैत्रिणींना न्हाई?"

"न्हाई. ह्याच बिअरसाठी."

आप्पांनी पडद्याकडं पाहिलं. "आन् हे हितं कोण बघणार?"

"सगळं जग. कायमचं राहतं हे."

आप्पा भडकले. "मंग आधी खोड ते!"

सायली ताठ बसली. "आप्पा, बिअर मी बनवलीय. माझं नाव मी खोडणार न्हाई."

"तुझं नाव ऱ्हाऊ दे की! तीस वर्षं व्यापारी माझ्या ढेपंला कोल्हापूरचं लेबल लावतोय. आता पोटची पोरगी बी लावणार व्हय?"